मदत हवी आहे: रेनजॅकेटचे खांदे पाणी पितायत, पाणी झटकणारं वरचं कोटिंग परत येतं का?

नमस्कार मंडळी,
माझ्या जॅकेटला तीन पावसाळे झाले, थ्री लेयर, आत मेंब्रेनवालं (पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा), बोनसचे पैसे घालून घेतलं होतं त्यामुळे जीव आहे त्यात. पहिल्या वर्षी अळूच्या पानावरून जावं तसं पाणी घरंगळायचं. परवा रविवारी राजगडला पाली दरवाज्याने चढलो, संततधार होती, अर्ध्या तासात दोन्ही खांदे गडद पडले, सॅकचे पट्टे घासतात बरोबर तिथेच, आणि पद्मावती माचीवर पोचेपर्यंत टीशर्ट पाठीला चिकटलेला, वर वारं सुटलं तसा कुडकुडायलाच लागलो.

घरी येऊन नळाखाली धरून बघितलं. छातीवर अजून थेंब उभे राहतात, खांदे, कॉलर आणि मनगटाला मात्र कापड लगेच भिजतं. मग भिजलेल्या खांद्याला आतून टिश्यू दाबून धरला दहा मिनिटं, तो कोरडाच निघाला. म्हणजे गळत नाहीये, वरचं कापड पाणी धरून बसतं म्हणून घामाची वाफ अडकते, बरोबर ना?

दोन वर्षं ते बाकी कपड्यांबरोबर साध्या पावडरीत मशीनला टाकलंय, सॉफ्टनरसकट. गरम केलं की कोटिंग परत येतं म्हणे, पण सगळे टंबल ड्रायर सांगतात, आपल्याकडे कुणाच्या घरी असतो? इस्त्री चालेल का? आणि पीएफसी-फ्री (फ्लोरिनची रसायनं नसलेला) स्प्रे आपल्या पावसात टिकतो का? ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड ठरलाय.

प्रतिसाद:
बरोबर ओळखलंत. आधी साबण काढा, डिटर्जंटचा अंश कापडात राहतो आणि तोच पाणी ओढतो, सॉफ्टनर तर त्याहून वाईट. निकवॅक्स टेक वॉशसारख्या, रेनजॅकेटसाठीच्या लिक्विडने धुवा, भरपूर खळबळा, पिळू नका. वाळल्यावर आतलं लेबल बघा, इस्त्रीची खूण असेल तर एकदम कमी तापमान, वाफ बंद, मध्ये सुती पंचा. घासून गेलेलं मात्र इस्त्रीने येत नाही, खांद्यांना स्प्रे लागेलच. धुतल्यावर ओलं असतानाच मारा आणि जास्तीचा फडक्याने टिपून घ्या.

टिकण्याचं म्हणाल तर जुनं सी-८ कोटिंग (आठ कार्बनच्या साखळीचं, फ्लोरिनवालं) तेलालाही दाद द्यायचं नाही, पण त्यातलं पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. आताची पीएफसी-फ्री पाणी झटकतात, तेल नाही, म्हणून डोक्याचं तेल, घाम, सनस्क्रीन लागतं ती कॉलर आधी जाते. कमी धुतलं तर जास्त टिकेल असं अजिबात समजू नका. मला तर पावसाळ्यात तीन-चार ट्रेक झाले की खांद्यांना परत स्प्रे मारावा लागतो. आणि जुलैत सह्याद्रीची हवाच वाफेने भरलेली असते हो, नवं जॅकेटसुद्धा आतून ओलं होणार, चढताना काखेतल्या चेनी उघड्या ठेवा.

धागाकर्ता:
खूप आभार! काल धुऊन इस्त्री केली, मनगटं आणि कॉलर परत आली, नळाखाली थेंब टपाटप घसरले, इतकं बरं वाटलं. खांदे अजून पितायत, स्प्रे मागवलाय. फक्त खांद्यांवर मारून चालेल ना, की सगळ्या जॅकेटला मारू?