जागा बघायला भर दुपारी जा

मे महिन्यात लग्नासाठी दहा दिवस बाहेरगावी जायचंय, लॅब्रॅडॉर कुत्रा आणि मांजर दोघांना बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन प्राणी सांभाळणाऱ्या जागी, ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. कुत्र्याला ठेवा, पण जागा बघायला दुपारी दोनला जा. सकाळी सगळंच गार वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वर नुसते पत्रे असतील तर सरळ परत या. वीज गेल्यावर कूलरचं काय करतात, तेही विचारा.

आमच्या शेरूला एका ठिकाणी ठेवलं होतं. घरी आणला तर कानाच्या आत गोचिडांचे पुंजके, आणि पुढच्या आठवड्यात ताप. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. गोचीडतापच निघाला, महिनाभर गोळ्या चालल्या. आता गोचिडांचं औषध दिल्याशिवाय मी त्याला कुठेच सोडत नाही, आणि तिथल्या भिंतींच्या फटी टॉर्च लावून बघतो. मालकाला राग आला तरी चालेल.

रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे आजारांची एकत्र लस) आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) यांच्या लसी निदान दोन आठवडे आधी उरकून घ्या. रोजचं खाणं घरचंच बांधून द्या, सोबत घरचा वास असलेली न धुतलेली चादर. आणि आधी एक रात्र ठेवून बघाच.

मांजरीला मात्र शक्यतो घरीच राहू द्या. नव्या जागी ती बऱ्याचदा खाणंच सोडते, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, त्यात ती जाड असेल तर जास्तच. शेजारी विश्वासाचं कुणी असेल तर किल्ली द्या आणि वाटीतलं किती संपलं ते रोज फोन करून विचारा.