युनियननं घरभाड्यातही हात घालावा का?

उद्यमबागकर: आमच्या फाउंड्रीत करार झाला, पगार थोडा वाढला. दोन महिन्यांत बेळगावात अनगोळच्या आमच्या गल्लीत भाडं वाढलं. गेटवर युनियन बोलते, मग घरभाड्याचं बोलणं प्रत्येकानं एकट्यानंच का करायचं? भाडेकरू आणि युनियननं मिळून डिपॉझिट, वर्षाची वाढ, घर सोडायची मुदत एवढं तरी ठरवून घ्यावं. १९१५ ला ब्रिटनमधल्या ग्लासगोत पहिल्या महायुद्धाच्या गर्दीत भाडी वाढवली, तेव्हा बायकांनी भाडं थांबवलं. त्यांना कोर्टात खेचलं, तर जहाजाच्या कारखान्यातले कामगार काम टाकून कोर्टापुढं आले. त्याच वर्षी सरकारनं भाडी युद्धाआधीच्या आकड्यावर आणली.

वरचा मजला: मी काय कारखानदार आहे? ह्यांच्या ग्रॅच्युइटीतून वर दोन खोल्या काढल्या. घरपट्टी मी भरते, उन्हाळ्यात टँकर मी मागवते. मागच्या भाडेकरूनं पाच महिने भाडं दिलं नाही, जाताना गीझर काढून नेला. दहाजण दारात आले तर कुलूप लावून ठेवीन, खरं भाड्यानं द्यायची नाही.

खासबागचा माग: काकू, गीझरचं वाईट झालं. खरं आमचं पण बघा की. राहतो तिथंच माग चालतो. घर सोडा म्हटलं की माग उपटून दुसरीकडं बसवायचा, तोवर धंदा बंद. वीज घरमालकाच्या नावावर. २०२३ ला कर्नाटक सरकारची वीजबिलाची गृहज्योती योजना आली, भाडेकरूलाही २०० युनिटपर्यंत सवलत होती, तर आमचा मालक करारपत्रच देईना. मी तीनदा गेलो. शेवटी गल्लीतले नऊजण एकदम गेलो, तर दोन दिवसांत कागद हातात. भांडण नाही, घोषणा नाही. चहा पण दिला.

काळा कोट: नऊजण गेले म्हणजे हक्क मिळाला असं नाही. ट्रेड युनियनचा कायदा कामगार आणि मालकासाठी, भाडेकरू त्यात बसत नाही. सोसायटी म्हणून संघ नोंदवा, घरमालकानं त्याच्याशी बोललंच पाहिजे असं बंधन कुठं आहे? १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा म्हणाल तर मोठ्या शहरांत महिना ३,५००, इतरत्र २,००० च्या वरच्या भाड्याला तो लागूच नाही. तेवढ्या भाड्यात टिळकवाडीत काय मिळतं सांगा.

उद्यमबागकर: म्हणून तर हक्क मागायचा! सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ ला तसा नियम झाला, भाडेकरूंच्या संघाशी घरमालकाला बोलावंच लागतं. खरं पाच किंवा जास्त घरांच्या इमारतीलाच. काकूंच्या दोन खोल्या सुटतात. कॉलेजच्या पोरांसाठी चार-चार मजले चढवलेत ते सापडतात.

मच्छेतला जुना: कुणाला सांगतोस? आमच्या गेटवरचे निम्मे पर्मनंट कामगारच घरमालक. पत्र्याच्या खोल्या काढून कंत्राटी पोरांना देतात, एका खोलीत सहा. कोण मराठी, कोण कन्नड, कोण ओडिशाचा, ते युनियनमध्ये नाहीतच. कमिटीत भाड्याचा विषय काढ, पहिला विरोध स्टेजवरूनच येतोय बघ.

उद्यमबागकर: हे खरं आहे. आमच्या कमिटीतल्या दोघांच्या खोल्या मला ठाऊक आहेत. मग सुरुवात तिथूनच करू, त्यांनी आधी पावती द्यावी.

वरचा मजला: पावती मीही देईन. पाच महिने बुडवले तर युनियन जामीन राहणार का, तेवढं विचारून सांग.

उद्यमबागकर: रविवारी मीटिंग आहे काकू. विचारतो.