कंपनीचा फ्यूज घरासाठी नसतो
दादा, मीटरआधी कंपनीचा फ्यूज आहे म्हणून घरात एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) नको, असं तुम्ही म्हणताय. हात जोडून सांगतो, तसं करू नका. तो फ्यूज त्यांची सर्व्हिस वायर आणि मीटर सांभाळायला असतो. आमच्या खानापुरातल्या जुन्या कौलारू घरात पावसाळ्यात तो उडाला, तेव्हा कुणीतरी त्यात जाड तांब्याची तार गुंडाळली. पुढे गिझरच्या वायरचं इन्सुलेशन वितळलं, खालची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी झाली, तरी ती तार शाबूतच! लाइटच्या 1.5 चौरस मिमी वायरला 10 अँपिअरचा, गिझरच्या 4 चौरस मिमीला 20 चा एमसीबी घाला. माणसाला शॉकपासून वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) वेगळा लागतो. ते काम फ्यूजचं नव्हेच.