लेगोची मोटर अर्डुइनोला जोडताना
लेगोची मोटर अर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डच्या) पिनवर थेट चालेल का, असा प्रश्न आहे. कृपया तसं करू नका! उनो या अर्डुइनो बोर्डच्या एका पिनमधून जेमतेम 20 मिलिअँपिअर वीजप्रवाह निर्धास्त घेता येतो, मोटरला त्याहून कितीतरी जास्त लागतो. मध्ये एल293डीसारखा ड्रायव्हर (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटरला जास्त प्रवाह देणारी चिप) घाला, मोटरला 9 व्होल्ट वेगळे द्या, ग्राउंड (शून्य व्होल्टची जोडणी) मात्र बोर्ड आणि मोटरचा पुरवठा या दोघांचं एकच ठेवा. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या मोटर-मालिकेच्या केबलमध्ये चार तारा असतात. मोटर फिरते ती मधल्या दोनांवर. मोटरचीच केबल कापणं जिवावर येतं, म्हणून मी एक्स्टेंशन केबल कापते. मोटरभोवतीच्या बांधणीत दुसऱ्या ब्रँडचे ठोकळे खुशाल मिसळा, बहुतेकांच्या उंचवट्यांमधलं 8 मिलिमीटरचं अंतर लेगोशी जुळतं. पण गिअरभोवतीची चौकट घट्ट बसणाऱ्या तुकड्यांचीच करा. तिथे पकड ढिली असली की जोर आल्यावर दाते घसरतात.