'खुनशी' म्हणजे खून करणारा का?

एका कथेचा अनुवाद तपासत होतो. त्यात वाक्य आलं, 'तो खुनशी होता, त्याने चार जणांना मारलं होतं.' इथे अडकलो. चार जणांना मारलं म्हणजे तो खुनी झाला ना? खुनशी कसा? खून + शी अशी फोड आहे का?

*

नाही. 'शी' लागतो तो 'लहानशी'सारख्या ठिकाणी, विशेषणाला. इथे मूळ शब्द 'खुनस'. 'स'पुढे 'ई' आली की मराठीत 'श' होतो: आळस–आळशी, हौस–हौशी, म्हैस–म्हशी. तसंच खुनस–खुनशी. आणि खुनस म्हणजे मनात धरून ठेवलेला राग.

तुलसीदासांचा भरत रामाबद्दल म्हणतो, 'खेलत खुनिस न कबहूँ देखी'. खेळतानासुद्धा त्याला कधी रागावलेलं पाहिलं नाही. सोळाव्या शतकातली ही ओळ, आणि तिच्यात रक्ताचा थेंब नाही. हिंदी कोशकार खुनसचं मूळ संस्कृत 'खिन्नमनस्'मध्ये शोधतात. मला ते थोडं ओढूनताणून वाटतं, पण फारसी 'खून'शी (तिकडे त्याचा मूळ अर्थ रक्त) नातं जोडण्यापेक्षा बरं. मराठी कानाला मात्र दोन्ही शब्द इतके शेजारी ऐकू येतात की खुनसला खुनाचा रंग चढलाच. 'खुनशी नजर' म्हटलं की डोळ्यांत रक्त उतरलेलंच दिसतं.

खरा फरक गोठ्यात कळतो. मारकी म्हैस समोर येईल त्याला शिंग लावते. आमच्याकडे होती ती मारकी नव्हती. चुलत्यांनी एकदा तिला दाव्याला बांधताना काठीने बडवलं होतं. पुढे महिनाभर आई धार काढायची, पोरं पाठीवर बसायची, काही नाही. चुलते आत आले की मात्र मान खाली आणि फुरफुर. एक दिवस ते पाण्याची बादली ठेवायला वाकले आणि तिने त्यांना भिंतीशी दाबलं. 'खुनशी हाय ही,' म्हणाले आणि पुढच्या बाजारी विकली.

*

मुंबईत 'खुन्नस' जास्त चालतं. 'काय रे, खुन्नस देतोस?' यात फक्त रोखून बघणं आहे. बऱ्याच मारामाऱ्या इथूनच सुरू होतात ते सोडा. खुन्नस धरली तर प्रकरण लांबतं, काढली तर मिटतं (किंवा वाढतं). 'आज खुन्नसने खेळला' ही तर क्रिकेटमध्ये शाबासकी. 'खुनशी' मात्र कुणी कौतुकाने म्हटल्याचं आठवत नाही.

*

कागदोपत्री यातलं फारसं सापडणार नाही. फिर्यादीत 'जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने' असतं, बातमीत 'पूर्ववैमनस्यातून'. खुनाचं कलम आधी 302 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 103. डूख, आकस, खुनस यांची तिथे नोंद नाही. गावात मात्र आधी तीच विचारतात. पैसे घेऊन मारणारा 'मारेकरी', त्याला खुनस असायचं कारणच नाही. तुमच्या कथेतल्या माणसाचं त्या चौघांशी जुनं काही होतं का?

*

तेच आता पुन्हा वाचलं. चौघांपैकी तिघांना तो ओळखतही नव्हता. म्हणजे 'खुनशी' गेलं. 'रक्तपिपासू' टाकू? जरा नाटकी वाटतंय.

*

'खुनाची चटक लागलेला' करा.