आईच्या पाठीतलं पाणी तपासायचं का?

गोदाकाठ : आई ६८ वर्षांची. दिवाळीत चकलीचं पीठ परातीत घेऊन बसली आणि मला विचारलं, "आता यात काय घालायचं गं?" दरवर्षी शेजारपाजारच्यांना चकल्या शिकवणारी बाई! बी-१२, थायरॉईड, एमआरआय झालं, त्यातून काही उलगडलं नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, पाठीतलं, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून अमायलॉईड आणि टाऊ ही अल्झायमरशी जोडलेली प्रथिनं बघू. भाऊ म्हणतो, बरं करणारं औषधच नाही तर सुई कशाला? मला वाटतं, कळायला हवं.

सातारकर : भावाचं बरोबर आहे. वडिलांचं नऊ वर्षं केलं मी. दाराला वरची कडी, रात्री चारदा उठणं, जेवल्यावर पाच मिनिटांत "मला वाढलंच नाही" ऐकणं. पाण्याच्या रिपोर्टनं यातलं काय टळलं असतं? उलट त्या दिवसापासून आई चष्मा विसरली तरी सगळे तिच्याकडे रोखून बघतील.

परीक्षानळी : मी लॅबमध्ये आहे. ताई, तपासणी करा. अमायलॉईड-बीटा ४२ मेंदूत साचू लागलं की पाण्यात कमी उतरतं, फॉस्फो-टाऊ, म्हणजे टाऊचं बदललेलं रूप, वाढतं. ४२ आणि ४० ही अमायलॉईडचीच दोन रूपं; त्यांचं गुणोत्तर एकट्या ४२ पेक्षा भरवशाचं. पण नळी पॉलिप्रोपिलीनचीच हवी. इतर नळ्यांत अमायलॉईड भिंतीला चिकटतं, आकडा खोटाच खाली येतो आणि नसलेला आजार दिसतो. हे आधी विचारून घ्या. माणूस अधू होतो ही भीती मात्र काढून टाका; सुई टोचतात त्याच्या वरच मज्जारज्जू संपतो. डोकेदुखी होते काहींना, दोन-चार दिवस.

सातारकर : आणि धडधाकट म्हाताऱ्यांतही अमायलॉईड सापडतं, त्याचं काय? लेकानेमॅब या अमायलॉईड काढणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. दीड वर्षानंतर आजार किती वाढला हे मोजणाऱ्या १८ गुणांच्या पट्टीवर फरक किती, तर ०.४५. वर मेंदूला सूज, रक्तस्रावाचा धोका. यासाठी म्हातारीला टोचायचं?

परीक्षानळी : दादा, म्हणूनच लक्षणं नसलेल्यांना ही तपासणी करत नाहीत. यांच्या आईला लक्षणं आहेत. शिवाय अमायलॉईड नाही असं निघालं तर डॉक्टर दुसरं कारण शोधतील. नैराश्यातही असं विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

वाडीवरून : रक्ताच्या तपासणीसाठी थांबता येईल की. मे २०२५ मध्ये अमेरिकेत एकीला परवानगी मिळाली.

परीक्षानळी : तीही लक्षणं असलेल्यांसाठीच. आणि निकाल अधलामधला आला की पुन्हा पाणी नाहीतर मेंदूतलं अमायलॉईड दाखवणारा पेट स्कॅन.

सातारकर : एवढं बोललो सगळे. आईला कुणी विचारलंय?

गोदाकाठ : नव्हतं विचारलं. आम्ही भावंडंच भांडत होतो. आज विचारलं. म्हणाली, "किती काढतात? वाटीभर?"

परीक्षानळी : दोन-तीन चहाचे चमचे. शरीर दिवसाला अर्धा लिटर बनवतं.

गोदाकाठ : सांगितलं तिला. तयार आहे, पण रिपोर्ट आधी तिच्या हातात द्यायचा म्हणते. गुरुवारी जातोय.

सातारकर : माझं मत तेच आहे. पण भावाला बरोबर न्या.