मदत हवी आहे: ‘लव्हलेस’ हा अल्बम ऐकण्यासाठी कान कसे तयार करावेत?

रेडिओहेड या रॉक बँडचा १९९७ सालचा ‘ओके कम्प्यूटर’ हा अल्बम मला फार जवळचा आहे. मात्र २००० साली आलेल्या ‘किड ए’मध्ये त्याच मंडळींनी गिटार मागे सारून सिंथेसायझर आणि यांत्रिक तालांना पुढे आणले, तेव्हा सुरुवातीला मला त्यात काहीच सापडले नाही. पुढे हेडफोन लावून, एकही गाणे न गाळता तो सलग ऐकत गेलो, तसा तो उलगडला, आणि आज माझ्या मते दोहोंत तोच अधिक धाडसी आहे.

माय ब्लडी व्हॅलेंटाईन या बँडच्या ‘लव्हलेस’बाबत (१९९१) मात्र तसे घडत नाही. गिटारच्या आवाजाचे थर इतके दाट आहेत की गाण्याचे शब्द त्यांत बुडून जातात. हे हेतुपुरस्सर केलेले आहे हे पटते, तरी मन रमत नाही, आणि त्याची मला खरोखर खंत वाटते. टॉक टॉक या बँडचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (१९८८) त्यातील निःशब्द जागांमुळे पहिल्याच वेळी भावला होता.

ज्यांना ‘लव्हलेस’ उशिरा उमगला, त्यांनी कृपया सांगावे: तो मोठ्या आवाजात स्पीकरवर ऐकावा का, आणि त्याआधी कोणते अल्बम ऐकावेत?